छत्र्यांच्या शहरात आठ दिवस

मैत्रिणींनो, परगावी जायचं ठरलं की आपली पहिली धाव कपड्यांच्या कपाटाकडे असते. काय न्यावं, काय नको, एखादा स्वेटर टाकावा का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये मीही अशीच कपाटापुढे उभी होते. जायचं होतं हाँगकाँगला, मैत्रिणीकडे. तेवढ्यात तिचाच फोन आला, "काळं काही आणू नकोस हं. आणि पांढरंही नको."

काळं नको हे मला पटलं. घरात नवं बाळ, तेव्हा तिच्या सासूबाईंनी सांगितलं असेल असं वाटलं. पण पांढऱ्यानं काय घोडं मारलंय?

"अगं, इथे काळे कपडे म्हणजे निदर्शक," ती म्हणाली, "आणि पांढरे म्हणजे त्यांना मारणारे. तू आपले फुलाफुलांचे ड्रेस आण."

त्याच्या महिनाभर आधी, २१ जुलैच्या रात्री, युएन लाँग नावाच्या स्टेशनात पांढरे शर्ट घातलेल्या टोळीनं काठ्या घेऊन निदर्शकांना आणि साध्या प्रवाशांनाही झोडपून काढलं होतं. तेव्हापासून त्या शहरात घराबाहेर पडताना लोक शर्टाचा रंगसुद्धा दोनदा बघायचे. मी मुकाट्यानं दोन काळे कुर्ते बॅगेतून काढले.

आता तुम्ही म्हणाल, अशा दिवसांत जायचं अडलं होतं कुणाचं? अडलं होतं, बरं का! आमचं बिऱ्हाड तेव्हा सिंगापूरला होतं. ह्यांची नोकरी तिथली, आणि मी घर सांभाळून शनिवारी मुलांना हिंदी शिकवायची. (बी.ए.चा तेवढाच उपयोग!) ही मैत्रीण शाळेत माझ्या बाकावर बसणारी. ११ ऑगस्टला ती बाळंत झाली. तिची आई पुण्याहून यायची होती, तिकीट १३ तारखेचं. आणि नेमके १२ आणि १३ ऑगस्टला हजारो निदर्शक विमानतळावरच ठाण मांडून बसले. शेकडो उड्डाणं रद्द झाली, त्यात मावशींचंही गेलं. पुढचं तिकीट मिळालं ते २२ तारखेचं. घरात ओली बाळंतीण, दोन दिवसांचं बाळ, आणि तिचे यजमान बिचारे चहापलीकडे स्वयंपाकघर न पाहिलेले.

"येतेस का गं?" एवढंच ती म्हणाली.

हे घाबरले. टीव्हीवर रोज संध्याकाळी अश्रुधूर, हेल्मेटं आणि पळापळ. "लोक तिथून निघताहेत आणि तू तिकडे चाललीस?" सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डिंक तळायला घेतला. लाडू वळता वळता म्हणाल्या, "बाळंतिणीचं पोट काही मोर्चा संपायची वाट बघत नाही." झालं! सहा वर्षांची लेक त्यांच्यावर सोपवून १६ तारखेला, शुक्रवारी, मी विमानात बसले.

कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. आपल्या पासपोर्टवर हाँगकाँगला जायचं तर आधी इंटरनेटवर नोंदणी करून त्याचा कागद जवळ ठेवावा लागायचा. २०१७ पासूनचा हा नियम. मुक्काम फार तर चौदा दिवसांचा. ते सगळं माझ्याजवळ होतं. सिंगापूरहून विमानानं जेमतेम चार तास.

विमानतळावर उतरले तर सगळं चकाचक. दोन दिवसांपूर्वी इथे माणसं जमिनीवर बसली होती यावर विश्वास बसू नये. कोर्टाच्या हुकुमानंतर आता इमारतीत शिरायला प्रवासाचं तिकीट दाखवावं लागत होतं, त्यामुळे मैत्रिणीचे यजमान काही आत येऊ शकले नाहीत. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी ए-२१ नंबरची दुमजली बस पकडली आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा धरली. समुद्रावरचा तो प्रचंड झुलता पूल, मग डोंगराला टेकून उभ्या चाळीस-पन्नास मजली इमारती, मग नाथन रोडची झगमग. माणसं खरेदीच्या पिशव्या घेऊन चाललेली, खानावळींच्या काचेत भाजलेली बदकं टांगलेली, आया मुलांना हाताला धरून सिग्नलला थांबलेल्या. मनात आलं, कुठं आहे ते आंदोलन? टीव्हीचा कॅमेरा आपला एकाच चौकात उभा असतो, हे मला त्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं.

आंदोलन कुठं आहे ते दुसऱ्या दिवशी कळलं. ते मैत्रिणीच्या समोरच्या दाराआड होतं. पण त्याआधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

हाँगकाँग दीडशे वर्षं इंग्रजांकडे होतं. १ जुलै १९९७ ला ते चीनला परत मिळालं, पण एका अटीवर. पन्नास वर्षं तिथली न्यायालयं, तिथले कायदे, बोलण्या-लिहिण्याची मोकळीक तशीच राहायची. 'एक देश, दोन व्यवस्था' म्हणतात ते हेच. २०१९ च्या सुरुवातीला सरकारनं एक विधेयक आणायचं ठरवलं. निमित्त एका खुनाचं होतं. हाँगकाँगच्या एका तरुणानं तैवानमध्ये आपल्या मैत्रिणीचा खून केला आणि तो परत आला, पण त्याला तैवानच्या ताब्यात द्यायला कायदाच नव्हता. नवा कायदा झाला असता तर आरोपींना चीनमध्येही पाठवता आलं असतं. लोकांना भीती वाटली ती तिथेच. आज खुनी पाठवाल, उद्या सरकारला न आवडणारा प्राध्यापक किंवा पुस्तकवाला पाठवाल! ९ जूनला मोर्चा निघाला, आठवड्यानं त्याहून मोठा. दुसऱ्या मोर्चात आयोजकांच्या हिशेबानं जवळजवळ वीस लाख माणसं होती, पोलिसांच्या हिशेबानं तीन लाख अडतीस हजार. शहराची सगळी वस्तीच सुमारे पंचाहत्तर लाखांची! खरा आकडा कुठलाही धरा, घरटी कुणी ना कुणी रस्त्यावर होतं.

सरकारच्या प्रमुख होत्या कॅरी लॅम, त्या पदावर बसलेल्या पहिल्याच बाई. जूनमध्ये टीव्हीच्या मुलाखतीत त्यांनी आईचा दाखला दिला. मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवला तर पुढे त्यालाच पश्चात्ताप होईल, अशा अर्थाचं त्या बोलल्या. झालं! गावातल्या आया खवळल्या. चव्वेचाळीस हजारांहून जास्त सह्यांचं पत्रक निघालं, आणि १४ जूनला चेटर गार्डन नावाच्या बागेत हजारो बायका जमल्या. म्हणणं एकच, आमच्या मुलांवर अश्रुधूर सोडणारी आई आम्ही पाहिली नाही. हे ऐकताना मला आपला १९७२-७३ चा लाटणं मोर्चा आठवला. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्यामागे लाटणी घेऊन निघालेल्या मुंबईच्या गृहिणी. माझ्या आजीनं त्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या होत्या. बाई एकदा स्वयंपाकघराच्या भाषेत भांडायला लागली की तिला आवरणं कठीण!

तर आता समोरचं दार. मैत्रिणीचं घर हुंगहॉम भागात, अठराव्या मजल्यावर. घर म्हणजे काय, आपल्या दोन खोल्यांएवढंच. एका खोलीत पलंग ठेवला की उरलेल्या जागेत बाळाची टोपली. समोरच्या फ्लॅटमध्ये एक शिक्षिका राहायच्या, प्राथमिक शाळेतल्या. यजमानांची नूडल्सची छोटी खानावळ, आणि सतरा वर्षांचा एकुलता एक मुलगा. शनिवारी सकाळी मी केराची पिशवी घेऊन बाहेर आले, तर या बाई लिफ्टपाशी उभ्या. काळा शर्ट, हातात छत्री, बाहेर पाऊस मी म्हणत होता. मला वाटलं, बाजाराला निघाल्या. मैत्रिणीनं मागून सांगितलं, "अगं, आज शिक्षकांचा मोर्चा आहे."

त्या दिवशी, १७ ऑगस्टला, हजारो शिक्षक चेटर गार्डनपासून गव्हर्न्मेंट हाउसपर्यंत भर पावसात चालत गेले. आयोजकांनी बावीस हजार सांगितले, पोलिसांनी आठ हजार तीनशे. पुढच्या पिढीला सांभाळा, असं त्यांचं मागणं होतं. तिथल्या कुंपणाला पांढऱ्या फिती बांधून ते परतले. दुपारी या बाई भिजून आल्या, कपडे बदलून, हातात एक झाकलेलं भांडं घेऊन आमच्या दारात उभ्या. बाळंतिणीसाठी त्यांनी सूप आणलं होतं. मैत्रीण शाकाहारी आहे हे ठाऊक असल्यामुळे फक्त लाल खजूर आणि शेंगदाण्याचं, तासन्‌तास मंद आचेवर उकळलेलं. त्यांच्यात बाळंतिणीला डुकराचे पाय, आलं आणि गोड व्हिनेगर असं शिजवून देतात. ते आमच्या काही कामाचं नव्हतं! पण बाकीचं ऐकाल तर हसाल. महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाणी प्यायचं नाही, केसांवरून पाणी घ्यायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. मी म्हटलं, अहो, हा तर आमचा सव्वा महिना! मी त्यांना डिंकाचा लाडू दिला. त्यांनी तो तोडून, वास घेऊन, सावकाश खाल्ला आणि विचारलं, "हे झाडाचं आहे का?"

मीही शिकवते हे कळल्यावर त्या बसल्या. दोन मास्तरणी भेटल्या की काय बोलणार? मुलांबद्दलच. त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी मुलांना शिकवलं की खरं बोला, आणि चूक दिसली तर हात वर करा. आता ती मुलं हात वर करताहेत. मी त्यांना काय सांगू, की ते फक्त पुस्तकातलं होतं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सिंगापूरला परवानगीशिवाय चार माणसांनी फलक धरून उभं राहायचीही सोय नाही. आम्ही परदेशी माणसं तर त्या विषयाच्या वाटेलाच जात नाही. नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा, आपण बरं नि आपलं काम बरं. मी मान हलवली आणि दुसरा लाडू पुढे केला.

त्या दुपारी आमच्याच भागातून एक मोर्चा गेला. त्याचं एक कारण अगदी घरगुती होतं. पर्यटकांच्या बसगाड्यांनी गल्ल्या अडतात, रहिवाशांना फुटपाथवर चालता येत नाही, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार होती. खाली दुकानांची शटर्स धडाधड बंद झाली. बाळ दचकून उठलं. मी खिडक्या लावल्या, ओला टॉवेल फटीत सारला आणि धुरीचं निखाऱ्याचं भांडं आत घेतलं. बाळाला ओव्याची धुरी द्यायची की बाहेरच्या धुराची काळजी करायची, अशी माझी अवस्था. सुदैवानं आमच्या गल्लीत काही झालं नाही. पण समोरच्या घरात मात्र आवाज चढले. भाषा कळत नव्हती, तरी बाप-लेकाचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. दार आपटलं. लिफ्ट खाली गेली.

नंतर बाईंनीच सांगितलं. मुलगा जूनपासून मोर्चांना जायचा. बापाला ते मान्य नव्हतं. आणि बाप काही वाईट माणूस नव्हता हो. त्याचा बाप तरुणपणी चीनमधून पोहत हाँगकाँगला आला होता, अंगावरच्या कपड्यानिशी. भांडी घासून त्यानं ती खानावळ उभी केली. "आम्ही काहीच नसताना हे शहर बांधलं," तो म्हणायचा, "आणि यांना सगळं मिळालं म्हणून हे मोडायला निघालेत." गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं, भाडं मात्र पूर्ण द्यावं लागत होतं. मुलाचं म्हणणं, "आजोबा पोहत आले ते कशापासून पळून? तेच इथे येतंय म्हणून तर मी उभा आहे." मैत्रिणींनो, दोघांचंही मला खरं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

दोन महिने ते दोघं एका टेबलावर जेवले नव्हते. बाई दोन वेळा वाढायच्या. आधी यजमानांना, मग मुलाचं ताट झाकून दारापाशी खुर्ची टाकून बसायच्या. लिफ्टचा आवाज आला की उठायच्या. मी रात्री बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालायची तेव्हा दाराच्या फटीतून त्यांच्याकडचा दिवा दिसायचा. कधी एक वाजता, कधी दोन वाजता तो मालवायचा. मग मलाही झोप लागायची.

रविवारी मला ओवा, बाळंतशेपा आणि चांगलं तूप हवं होतं. त्यासाठी चिम शा चुई भागातली चुंगकिंग मॅन्शन्स गाठायची. नावावर जाऊ नका, कुठली हवेली वगैरे नाही. सतरा मजली जुनी इमारत, खाली आपल्याकडची, पाकिस्तानी, आफ्रिकी दुकानं, आणि फोडणीचा वास थेट रस्त्यापर्यंत! तूप घेतलं आणि वाटलं, एवढं आलोय तर बंदर बघून जाऊ. त्या बाजूला गेलं की आपली माणसं पावलोपावली भेटतात, रस्त्यांच्या नावांतसुद्धा. मोदी रोड आहे तो मुंबईहून आलेल्या पारशी होरमसजी मोदींच्या नावाचा. हाँगकाँग विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. आणि समोरच्या बेटावर नेणारी जगप्रसिद्ध स्टार फेरी, तीही दोराबजी नवरोजी नावाच्या एका पारशी गृहस्थांनी सुरू केलेली. १८९८ पासून तिचं नाव स्टार फेरी.

धक्क्यावर पोचले आणि थबकलेच. काळ्या कपड्यांची रांग, जिकडे पाहावं तिकडे छत्र्या. बेटावरच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये त्या दिवशी सभा होती. पोलिसांनी बागेतल्या सभेला परवानगी दिली होती, मोर्चाला नाही. तेव्हा लोकांनी ठरवलं होतं की पाण्यासारखं वाहायचं. एका बाजूनं आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत राहायचं. आयोजकांच्या मते त्या दिवशी सतरा लाख माणसं आली. रांगेत मी काय पाहिलं? काठीवाले आजोबा, बाबागाडीतली मुलं, मांडीवर पावाची पिशवी घेऊन बसलेल्या दोघी जावा असाव्यात अशा बायका. कुणी धक्काबुक्की करत नव्हतं. पाऊस कोसळत होता आणि अनोळखी माणसं एकमेकांवर छत्री धरत होती. २०१४ मध्ये याच शहरात एकोणऐंशी दिवस रस्ते अडवून आंदोलन झालं होतं. तेव्हा पोलिसांचा मिरीचा फवारा अडवायला लोकांनी छत्र्या उघडल्या आणि आंदोलनाला छत्रीचंच नाव पडलं. आपल्या घरी दाराआड टांगलेली ती साधी छत्री, तिला असं काही करता येतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

परत येताना भुयारी रेल्वेच्या स्टेशनात तिकिटाच्या यंत्रावर सुट्या नाण्यांची चळत दिसली. मला वाटलं, कुणी विसरलं. मैत्रिणीच्या यजमानांनी मग उलगडा केला. तिथे सगळे ऑक्टोपस नावाचं कार्ड वापरतात, पण त्यातून कोण कुठे गेलं हे कळू शकतं. म्हणून मोर्चातली मुलं रोखीनं तिकीट काढतात, आणि ज्यांच्याजवळ पैसे नसतील त्यांच्यासाठी मोठी माणसं नाणी ठेवून जातात. न बोलता, नाव न सांगता. आपल्याकडे वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण भरून ठेवतात ना, तसं.

सगळंच असं सोज्ज्वळ होतं असं मात्र समजू नका. विमानतळावर निदर्शकांनी एका चिनी पत्रकाराला बांधून घातलं होतं. विटा फेकल्या जात होत्या, आगी लागत होत्या. पोलिसांच्या लाठ्यांचे आणि अश्रुधुराचे व्हिडिओ तर घरोघर फिरत होते. एका रात्री दहाच्या सुमाराला समोरच्या इमारतीतून कुणीतरी खिडकीतून घोषणा दिली, दुसऱ्या खिडकीतून तिला उत्तर आलं, आणि मग कुणीतरी त्या दोघांना शिव्या घातल्या. बाळ झोपेत हसलं. मैत्रीण म्हणाली, "हिला पुढे सांगायला हवं, तू कुठल्या दिवसांत जन्मलीस ते."

२२ तारखेला मावशी आल्या आणि मी सुटले. परतीचं विमान शनिवारी होतं. शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या बाईंनी विचारलं, "बंदरावरचे दिवे पाहिलेत का? चला, मी तिकडेच निघालेय." रोज रात्री आठला पलीकडच्या उंच इमारतींवर दिव्यांचा खेळ होतो, तो पाहायचा राहिला होता. मी निघाले, फुलाफुलांचा ड्रेस घालून.

तिथे दिवे होतेच. पण काठावर, जिथवर नजर पोचेल तिथवर माणसं हातात हात घालून उभी होती. तो दिवस २३ ऑगस्ट. तीस वर्षांपूर्वी, १९८९ साली, याच तारखेला बाल्टिक देशांतली सुमारे वीस लाख माणसं सोव्हिएत सत्तेविरुद्ध हात धरून उभी राहिली होती. हाँगकाँगकरांनी त्याची आठवण म्हणून रेल्वेच्या तीन मार्गांच्या कडेनं साखळी धरली होती. सिंहासारख्या दिसणाऱ्या लायन रॉक डोंगरावरही काही जण दिवे घेऊन चढले होते. बाईंचा मुलगा आधीच येऊन उभा होता. मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. चष्मा, बारीक मान, पायांत मळके बूट. आमच्या शनिवारच्या वर्गात मागच्या बाकावर बसला असता तर मी त्याला फळा पुसायला पाठवलं असतं, इतका साधा.

बाई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, त्याचा हात धरला आणि दुसरा हात माझ्याकडे केला.

मी मागे सरकले. खरं तेच सांगते. डोक्यात एकदम सगळं आलं: ह्यांची नोकरी, माझा पासपोर्ट, कुणी फोटो काढला तर, उद्याचं विमान. मी म्हटलं, "मी पाहुणी आहे हो." त्या रागावल्या नाहीत. खांद्यावरची कापडी पिशवी काढून माझ्या हातात देत म्हणाल्या, "मग एवढी धरता का?"

तासभर मी ती पिशवी धरून बाजूला उभी होते. वर डोकावणाऱ्या गोष्टी दिसत होत्याच: मुलाचा कोरडा शर्ट, टॉवेल, आणि सुपाचा थर्मास. रात्री नऊला सगळ्यांनी हात सोडले आणि तळव्यानं एक डोळा झाकला. ११ ऑगस्टला तिथूनच जवळ एका तरुणीचा डोळा जबर जखमी झाला होता, तिच्यासाठी. मग पुन्हा माणसं सुटी झाली, पाण्यासारखी वाहून गेली. मुलानं तिथेच धक्क्याच्या कट्ट्यावर बसून सूप प्यायलं. बाई त्याच्याकडे पाहत होत्या. दोन महिन्यांत तो त्यांच्यासमोर बसून जेवला तो असा.

पुढचं थोडक्यात सांगते. विधेयक त्या ऑक्टोबरात रीतसर मागे घेतलं गेलं, पण तोवर बाकीच्या मागण्या उभ्या राहिल्या होत्या. नोव्हेंबरात मैत्रिणीच्या घराजवळच्याच पॉलिटेक्निक विद्यापीठाला पोलिसांचा वेढा पडला. आत शेकडो मुलं अडकली. त्या रात्री बाईंचा मला एका ओळीचा निरोप आला, "तो घरी आहे." त्याच महिन्यात शहराच्या वॉर्डांच्या निवडणुका झाल्या. विक्रमी मतदान झालं आणि अठरापैकी सतरा कौन्सिलांत लोकशाहीवादी निवडून आले. आणि मग ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. या सगळ्या आंदोलनात दहा हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. ज्या शिक्षक संघटनेनं तो पावसातला मोर्चा काढला होता, ती १९७३ पासूनची संघटना २०२१ मध्ये विसर्जित झाली. आज तिथे तसे मोर्चे निघत नाहीत. फेरी चालते, दिव्यांचा खेळ झाला, दुकानं उघडी आहेत. नुसतं बघायला गेलेल्या पाहुण्याला काही कळणारही नाही.

मैत्रीण २०२१ मध्ये पुण्याला परतली. समोरच्या बाई मुलाला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्या वर्षी इंग्लंडनं हाँगकाँगकरांसाठी खास व्हिसा सुरू केला होता आणि हजारो कुटुंबं निघाली. यजमान मागे राहिले, खानावळ आणि म्हातारी आई यांच्यापाशी. टेबल एक व्हावं म्हणून रात्र-रात्र जागलेल्या बाईंची आता दोन देशांत दोन टेबलं झाली. दर चिनी नववर्षाला त्यांचा निरोप येतो. गेल्या खेपेला लिहिलं होतं, "इथे लाल खजूर मिळतात. तो आता स्वतः सूप करतो."

माझी लेक आता मोठी झाली आहे, प्रश्न विचारायच्या वयात आली आहे. परवा कपाट आवरताना त्या आठ दिवसांचे फोटो निघाले. तिनं सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "आई, तू हात का नाही धरलास?"

मी तिला सगळी कारणं सांगितली. बाबांची नोकरी, व्हिसा, परकं शहर, परकं भांडण. सगळी खरी होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, काही बोलली नाही, आणि फोटो परत पाकिटात ठेवून दिले.

मैत्रिणींनो, तुम्ही तिला काय सांगितलं असतं?